टकळी, तख्ती आणि झाकीर हुसैन यांचा अहवाल

आमच्या आष्टीला पाहुणा आला की त्याला दोन ठिकाणे दाखवायची रीत आहे. एक, १९४२च्या लढ्यातल्या हुतात्म्यांचे स्मारक. दुसरे, नियाझी नवाबांचे मकबरे. जहांगीर बादशहाने मुहम्मद खान नियाझी या अफगाण सरदाराला हा मुलूख जहागीर म्हणून दिला आणि ओसाड पडलेल्या या भागात त्याने पुन्हा शेती उभी केली, असे जुने गॅझेटियर सांगते. पाहुणा जरा चौकस असेल तर मी त्याला घरी नेतो आणि तिसरी वस्तू दाखवतो. ती अम्मीच्या लोखंडी पेटीत असते. वीतभर लांबीची काडी, तिच्या बुडाशी पितळेची गोल चकती आणि वरच्या टोकाला बारीकसा आकडा. टकळी!

अम्मी चौथीपर्यंत शिकली. शाळेतले तिला फारसे काही आठवत नाही, पण टकळीवर सूत काढायला बसवले तर आजही तिचा धागा तुटत नाही. मी स्वतः मास्तर होतो. पाचवी ते सातवीच्या वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्या काळात शाळेत किती साधने आली आणि गेली! त्यांपैकी विद्यार्थ्याच्या हातात साठ वर्षे टिकलेले साधन मी एकच पाहिले, ते अम्मीच्या पेटीत. ते तिच्या शाळेत कुठून आले, याचा शोध घेताना मी आमच्याच जिल्ह्यात, सेवाग्राम-वर्ध्यात पोहोचलो. आणि तिथे मला डॉ. झाकीर हुसैन भेटले.

तख्ती आणि धूळपाटी

त्याआधी थोडे मागे जाऊ. शाळेतले तंत्रज्ञान म्हटले की आज डोळ्यांसमोर पडदा आणि संगणक येतो. पण पाटीसुद्धा एकेकाळी नवे तंत्रज्ञानच होती. गावच्या पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरवत. आमच्या मकतबमध्ये तख्ती असे. लाकडाच्या फळीवर मुलतानी मातीचा पातळ लेप द्यायचा, उन्हात वाळवायचा, बोरूची लेखणी छाटायची, शाई घोटायची आणि मग अलिफ-बे लिहायचे. दुसऱ्या दिवशी तख्ती धुऊन पुन्हा नवा लेप.

ही गरिबांची साधने म्हणून आपण त्यांच्याकडे पाहतो. पण मद्रासमधल्या अनाथाश्रमात काम करणाऱ्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने देशी शाळेतली मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली आणि ती पद्धत उचलली. थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचे, या पद्धतीसोबत तीही इंग्लंडला गेली. त्याचे पुस्तक १७९७ साली निघाले आणि इंग्लंडच्या गरीब मुलांच्या शाळा पुढे कित्येक वर्षे ‘मद्रास पद्धती’ने चालल्या.

तख्ती आणि धूळपाटी यांत एक गोष्ट सारखी होती. साधन मूल स्वतः तयार करत असे आणि बिघडले तर स्वतः नीट करत असे. शाईत पाणी जास्त झाले तर अक्षर पसरायचे, बोरू तिरका छाटला गेला तर वळण बिघडायचे. चूक कुठे झाली ते उस्तादांनी सांगण्याआधी तख्तीच सांगायची. दगडी पाटी, छापील पुस्तक आणि भिंतीवरचा नकाशा आला तेव्हा शिक्षण पुष्कळ मुलांपर्यंत पोहोचले, हा मोठा फायदा झाला. पण साधन बाहेरून तयार होऊन येऊ लागले आणि मुलाच्या हाताला काम उरले ते फक्त गिरवण्याचे.

वर्धा, ऑक्टोबर १९३७

१९३७ साली प्रांतांमध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. सगळ्या मुलांना शिकवायचे तर पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न समोर होता. २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष महात्मा गांधी. सात वर्षे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, एखाद्या हस्तोद्योगाला मध्यभागी ठेवून, आणि त्यातून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा अशी अपेक्षा, असे चार ठराव झाले.

या परिषदेला दिल्लीहून जामिया मिल्लिया इस्लामियाचे प्रमुख डॉ. झाकीर हुसैन आले होते. तेव्हा त्यांचे वय चाळीस. बर्लिनमधून अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेऊन परतल्यावर १९२६ साली, एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी बुडायला आलेली जामिया हातात घेतली होती. जर्मनीत त्यांच्यावर गेऑर्ग केर्शेनस्टायनर या शिक्षणतज्ज्ञाच्या विचारांचा प्रभाव पडला होता. म्युनिकच्या शाळांमध्ये हाताच्या कामाला स्थान देणारा हा माणूस. त्यामुळे वर्ध्यात गांधीजींसमोर मान डोलावणाऱ्यांपैकी झाकीरसाहेब नव्हते. ही कल्पना अगदी नवी नाही, अमेरिकेत आणि रशियात असे प्रयोग झाले आहेत, हे त्यांनी भर परिषदेत सांगितले. गांधीजींनी काय करावे? अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद याच माणसाकडे दिले!

समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, के. टी. शाह आणि आर्यनायकम दांपत्य होते. मौलाना हालींच्या घराण्यातले ख्वाजा गुलामुस्सय्यदैन हेही होते. २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे दीड महिन्याच्या आत, अहवाल गांधीजींच्या हातात पडला. पुढच्या वर्षी हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली. ती राबवण्यासाठी हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष झाकीर हुसैन, चिटणीस आर्यनायकम आणि मुक्काम सेवाग्राम.

टकळीचे गणित

अहवालातले वेळापत्रक आजच्या शिक्षकाने एकदा वाचावे. शाळा साडेपाच तासांची. त्यांतले ३ तास २० मिनिटे मूळ उद्योगाला. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटे. मातृभाषा ४० मिनिटे. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान ३० मिनिटे. व्यायाम १० आणि मधली सुटी १० मिनिटे. पहिल्यांदा वाचले तेव्हा मीही चमकलो. गणिताला वेगळा तासदेखील नाही?

उत्तर टकळीत होते. गणित सुतातच शिकवायचे होते. हिशेब असा. चार फूट धागा म्हणजे एक तार. १६० तारांची एक लटी. चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. गुंडीत धागा किती? २५६० फूट, सुमारे ७८० मीटर. आता सुताचा अंक काढा. ८४० यार्डांची एक लड धरली तर एक पौंड सुतात अशा जितक्या लडी मावतात, तितका त्या सुताचा अंक. दहा अंकी सूत जाड, वीस अंकी त्याहून बारीक. धागा बारीक झाला तर अंक वाढतो आणि वजन घटते. हे व्यस्त प्रमाण. सहावी-सातवीच्या वर्गात व्यस्त प्रमाण शिकवताना ‘दहा मजूर एक भिंत पाच दिवसांत बांधतात’ हे उदाहरण मी वर्षानुवर्षे दिले. मजूर मुलांनी पाहिलेले असतात, पण ती भिंत कधी कुणी बांधलेली नसते. सूत मात्र मुलाने स्वतः कातलेले, स्वतः मोजलेले आणि स्वतः तोललेले.

मापेही चोख होती. सहा महिन्यांच्या सरावानंतर मुलाने टकळीवर तासाला दीड लटी दहा अंकी सूत काढावे, असे अहवाल सांगतो. म्हणजे २४० तार, ९६० फूट. गती, सरासरी, कुणाचा धागा किती वेळा तुटला याची टक्केवारी, सगळे त्यात आले. भूगोल हवा? आपल्या काळ्या जमिनीत कापूस का येतो ते विचारा. इतिहास हवा? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर हिंगणघाटच्या कापसाकडे वळली. १८६७ साली वर्ध्यावरून नागपूरला रेल्वे गेली, तीही याच कापसाच्या ओढीने. विज्ञान हवे? कोरड्या दिवशी धागा जास्त का तुटतो ते पाहा.

अहवालाने एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवली आहे. यंत्रासारखे काम करणारे कारागीर घडवणे हा या शिक्षणाचा हेतू नाही. कामाच्या पोटात जे ज्ञान दडलेले आहे ते शिक्षणासाठी बाहेर काढणे, हा हेतू आहे. आणि धोकाही त्याच अहवालात लिहिलेला आहे. कमाईच्या बाजूवर जास्त भर पडला तर शिक्षणाची बाजू मारली जाईल आणि शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त सूत काढून घेण्याच्या मागे लागेल. योजनेच्या कर्त्यांनीच तिच्या अपयशाची वाट आधी दाखवून ठेवल्याचे असे उदाहरण विरळाच.

नावाचा वाद

आता आपल्या समाजाच्या दुखऱ्या भागाकडे येतो. मध्यप्रांत-वऱ्हाडात तेव्हा पंडित रविशंकर शुक्ल शिक्षणमंत्री होते, पुढे ते मुख्यमंत्री झाले. दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर खेड्यात शाळा चालवायच्या, अशी त्यांची योजना होती. तिचे नाव ‘विद्यामंदिर’. शिक्षक तयार करण्यासाठी वर्ध्यात एप्रिल १९३८ मध्ये विद्यामंदिर प्रशिक्षण शाळा उघडली. विद्यामंदिर योजना आणि झाकीर हुसैन समितीची वर्धा योजना या मुळात दोन वेगळ्या गोष्टी. पण अभ्यासक्रम वर्धा योजनेचा घेतला गेला आणि लोकांच्या मनात दोन्ही एक झाल्या.

‘मंदिर’ या शब्दावर मुसलमानांनी हरकत घेतली. सगळ्यांच्या पैशातून चालणाऱ्या शाळेला असे नाव कशाला, हा प्रश्न गैर नव्हता आणि सरकारने तो वेळीच ऐकायला हवा होता. नाव बदलल्याने एकाही मुलाचे शिक्षण अडले नसते. पण मुस्लिम लीगने त्याचे मोठे हत्यार केले. १९३८च्या पीरपूर अहवालात काँग्रेस राजवटीविरुद्धच्या तक्रारींत ही योजनाही आली. ज्या अभ्यासक्रमावर एका मुसलमान विद्वानाची सही होती, जो जामियाच्या अनुभवातून आला होता, तोच मुसलमानांची संस्कृती पुसण्याचा डाव ठरवला गेला. झाकीरसाहेबांवर स्वकीयांनीच टीका केली. १९३९च्या अखेरीस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि योजनेचा सरकारी आधार गेला. १९४२ साली आष्टी पेटली, तेव्हा सेवाग्रामचे कार्यकर्तेही तुरुंगात गेले.

या भांडणात आपण काय गमावले? माझे नाना पिंजारी होते. आष्टीच्या आसपासच्या गावांत खांद्यावर पिंजणाची कमान टाकून ते फिरत. गाद्या, रजया, उशा. तातीवर लाकडी ठोकळा पडला की ‘धुंग धुंग’ असा आवाज घुमायचा आणि दडपलेला कापूस ढगासारखा फुलायचा. ते म्हणायचे, “बेटा, रुई को मारते नहीं, जगाते हैं.” या समाजाचे लोक स्वतःला मन्सूरी म्हणवतात, बगदादचे सूफी मन्सूर अल-हल्लाज यांच्या नावावरून. हल्लाज या अरबी शब्दाचा अर्थच कापूस पिंजणारा. चरखा हा शब्द फारसीतून आला. इतिहासकार इरफान हबीब यांनी दाखवून दिले आहे की भारतात चरख्याचा आरंभीचा स्पष्ट उल्लेख इसामीच्या ‘फुतूहुस्सलातीन’ या १३५० सालच्या काव्यात सापडतो. आणि हा इसामी दिल्लीहून येऊन राहिला होता आपल्या दौलताबादेत!

टकळीवर सूत काढायचे तर आधी पेळू हवा आणि चांगला पेळू हवा तर कापूस नीट पिंजलेला हवा. म्हणजे ज्या शाळेत टकळी होती तिथे माझ्या नानांचे कसब हा अभ्यासाचा विषय होऊ शकत होता. नागपूर-कामठीच्या मोमीन विणकरांचा मागही होऊ शकत होता. कारागीर जातींतल्या मुसलमान मुलाला शाळेत ताठ मानेने बसता आले असते. तसे झाले नाही. मी शाळेत होतो तेव्हा घरच्या धंद्याचा रकाना भरताना ‘पिंजारी’ऐवजी ‘मजुरी’ लिहिले. मास्तरांनी मला कधी हिणवले नव्हते. पण पिंजण हीसुद्धा विद्या आहे, असेही कुणी सांगितले नव्हते.

टकळी गेली, पडदा आला

गांधीजी १९४४ साली तुरुंगातून सुटले आणि जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामच्या परिषदेत नई तालीमचा विस्तार आयुष्यभराच्या शिक्षणापर्यंत झाला. स्वातंत्र्यानंतर ती सरकारी धोरण बनली. राज्यातल्या अनेक जुन्या शाळांच्या कमानीवर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ ही अक्षरे आजही दिसतात, ती त्याच काळाची खूण. गंमत बघा, ज्या शब्दावरून एवढे रान पेटले त्याच शब्दाच्या कमानीखालून आमची मुले आज दप्तर घेऊन बिनघोर आत जातात.

पण शाळांच्या आत टकळी मरत होती. प्रशिक्षित शिक्षक कमी आणि शाळा फार. कापूस आला तर पेळू नाहीत, पेळू आले तर टकळ्या वाकलेल्या. सुताचा तास उरला, सुताचे गणित गेले. अम्मीला विचारले, “सूत काढताना गुरुजी काय शिकवायचे?” ती म्हणाली, “कुछ नहीं. बस, गप बसून काढा म्हणायचे.” अहवालातली भीती ही अशी खरी ठरली. १९६४ ते ६६च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द दिला आणि आमच्या पिढीत तो आठवड्यातल्या एखाद-दोन तासांपुरता उरला.

त्यानंतरची साधने माझ्या डोळ्यांदेखत आली. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम होऊ लागले. २०१७ साली ती संस्था बंद पडली. १९८७ पासून खडू-फळा मोहिमेतून साहित्याच्या पेट्या आल्या. २०१७ सालीच दीक्षा हे व्यासपीठ आले, पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी हे कोड वर्गात आधीच वापरून पाहिले होते. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. खेड्यातला एक शिक्षक साधन स्वतः पारखून, वाकवून, आपल्या मुलांच्या मापाचे करून घेतो, तेव्हा काय होते ते या उदाहरणात दिसते.

उलटे उदाहरणही मी पाहिले आहे. एका शाळेत मोठा डिजिटल फळा आला. उद्घाटन झाले, फोटो निघाले. तो कसा चालवायचा हे एकाच सरांना शिकवले होते आणि त्यांची वर्षभरात बदली झाली. फळ्यावर चादर टाकली गेली. मुलांना हात लावायची मनाई होती, कारण बिघडला तर भरून कोण देणार? त्या चादरीकडे पाहताना मला अम्मीचे गुरुजी आठवायचे. वस्तू बदलली होती, गप्प बसवणे तसेच होते.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मी सातवीच्या वर्गात अम्मीची टकळी नेली आणि नानांची कमानही नेली. एका मुलीने चकतीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. दुसऱ्याने माझ्या मोबाइलवर मंद गतीने चित्रण केले. मग ठिपका किती वेळा फिरला हे सगळ्यांनी मिळून मोजले, आधी टकळी सोडल्याबरोबरच्या एका सेकंदात आणि मग थांबण्याआधीच्या एका सेकंदात. दोन आकड्यांत एवढा फरक का, यावर वर्गात भांडण जुंपले. घर्षण हा शब्द मला फळ्यावर लिहावा लागला नाही, त्यांनीच तो पुस्तकातून शोधून काढला. मोबाइल आणि टकळी एकमेकांच्या वैरी आहेत, असे त्या दिवशी कुणालाच वाटले नाही.

सेवाग्रामात २००५ पासून आनंद निकेतन ही शाळा पुन्हा त्याच जुन्या वाटेने चालते आहे. आष्टीहून सेवाग्राम ऐंशी-नव्वद किलोमीटर. शिक्षक मित्रांनी एकदा तिथे जाऊन यावे आणि जाण्याआधी १९३७चा तो छोटा अहवाल वाचावा. आपल्या शाळेत नवे यंत्र येईल तेव्हा त्यातले दोनच प्रश्न विचारावेत. याच्या पोटातले ज्ञान मुलाच्या हाताला लागते का? आणि याच्या नावाखाली आपण मुलांना नुसते राबवत किंवा गप्प बसवत तर नाही?

त्या तासानंतर एक मुलगा माझ्यामागे स्टाफरूमपर्यंत आला. त्याचे अब्बा आता यंत्रावर गाद्या भरतात. त्याने हळूच विचारले, “सर, ती कमान उद्या परत आणाल? अब्बांना वर्गात बोलावलं तर चालेल?”

दुसऱ्या दिवशी ते आले. आमच्या वर्गात त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसलो होतो.